पडद्याबाहेर उभं राहण्याचा तास

आमच्या इंदापूर भागात माणूस आधी घरात येतो आणि मग 'हाय का कोण घरात?' असं विचारतो. तोवर त्यानं चपला काढलेल्या असतात, माठातलं पाणी प्यायलेलं असतं आणि बऱ्याचदा टीव्हीचा आवाजही कमी केलेला असतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. दारात थांबून 'येऊ का?' असं विचारणारा माणूस एकतर मतं मागायला आलेला असतो, नाहीतर रुसलेला जावई असतो.

आमचं घर मात्र वेगळं होतं, आणि त्याला कारण माझी अम्मी. हायवेच्या कडेला अब्बांचं ट्रकच्या टायरांचं दुकान आणि दुकानामागं आमच्या दोन खोल्या. खोल्यांच्या मध्ये दार नव्हतं, जुन्या चादरीचा पडदा होता. त्या पडद्याला अम्मीनं किल्ल्याच्या दरवाजाचा मान देऊन ठेवला होता. पलीकडं जायचं तर पडद्यासमोर उभं राहायचं नाही, बाजूला उभं राहायचं, म्हणजे वाऱ्यानं पडदा हलला तरी आतलं दिसू नये. मग सलाम करायचा आणि 'आऊं क्या?' असं विचारायचं. उत्तर आलं नाही तर जरा थांबून पुन्हा. तीनदा विचारूनही उत्तर नाही, किंवा 'आत्ता नको' असं उत्तर आलं, तर मुकाट्यानं परत फिरायचं आणि तोंड पाडायचं नाही. ही शेवटची अट सगळ्यात अवघड. एकदा आत फुफी, म्हणजे माझी आत्या, नमाज पढत होती आणि माझ्या भावाची शाळेची चड्डी आतल्या खोलीत अडकली. तो टॉवेल गुंडाळून बाहेर उभा राहून भोकाड पसरत होता, पण आत काही गेला नाही.

हा काही अम्मीचा स्वतःचा शोध नव्हता. विचारल्याशिवाय कुणाच्या घरात शिरू नका, आतल्या माणसांना सलाम करा, 'परत जा' म्हणाले तर परत जा, हे आमच्या धर्मानं सांगितलेलंच आहे. लोक ते ऐकतात आणि सोडून देतात. अम्मी ते हवालदारासारखं पाळायला लावायची. लहानपणी मला त्याचा भयंकर जाच वाटायचा.

पुढं मी डॉक्टर झाले आणि बारामतीच्या एका मेडिकल कॉलेजात मेडिसिन शिकवायला लागले. तिथं पहिल्याच राउंडला मला अम्मीची आठवण झाली. राउंड म्हणजे आमच्याकडं छोटी मिरवणूकच असते. पुढं मोठे डॉक्टर, मागं आम्ही, त्यामागं दहा-बारा पोरंपोरी. पलंगाभोवतीचा पडदा कुणीतरी सर्रकन ओढतं, कुणीतरी पेशंटचं पांघरूण वर करतं, आणि मग तिच्या पोटाबद्दल इंग्रजीत चर्चा सुरू होते. त्या पोटाची मालकीण पंख्याकडं बघत पडून असते. मला राग लवकर येतो, हे माझ्या सासरी आणि माहेरी दोन्हीकडं मान्य आहे. तो राग मी काही दिवस गिळला, मग मीटिंगमध्ये तावातावानं ओकला.

त्याचं फळ लगेच मिळालं. पेशंटशी कसं वागावं हे शिकवायचे तास अभ्यासक्रमात आहेत, आणि ते घ्यायला कुणीही तयार नसतं. ते सगळे माझ्या गळ्यात पडले.

मी ठरवलं की पोरांना अम्मीचा पडदा शिकवायचा. आमच्या विभागप्रमुख सरांना सांगितलं. सर सोलापूरकडचे, देहानं भारदस्त, मनानं त्याहून. ते म्हणाले, "शिकवा की. फक्त धर्माचं नाव काढू नका. उगाच कुणीतरी काहीतरी म्हणायचं." मलाही ती धास्ती होतीच. मॅडमचं नाव मुसलमानी, मॅडम वर्गात इस्लाम शिकवतात, एवढं कुणी पसरवायला फार अक्कल लागत नाही. म्हणून मी नुसतंच 'पडद्याचा नियम' असं म्हणून शिकवलं. बाजूला उभं राहा, नमस्कार करा, विचारा, थांबा, तीनदाच विचारा, नाही म्हटलं तर तोंड न पाडता परत या. आणि पडद्याआड जे दिसलं ते त्या माणसानं तुमच्यापाशी ठेवायला दिलेलं असतं, ते कॅन्टीनमध्ये न्यायचं नाही.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, हे कुठल्या पुस्तकात आहे? परीक्षेत लिहायचं तर संदर्भ लागेल."

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण त्या दिवशी बोलावंसं वाटलं नाही. मी सांगितलं की हे इस्लाममध्ये आहे, आणि मी ते इंदापुरात दोन खोल्यांच्या घरात शिकले. माझे कान तापले. कुणी काही बोललंच तर काय सुनावायचं याची मी मनात तयारी केली, आणि ती तयारी जोरदार होती.

मागून एकानं विचारलं, "मॅडम, तीनदा विचारायचं, तर मधे किती वेळ थांबायचं?"

झालं. एवढंच. माझी तयारी फुकट गेली. मी म्हणाले, आतलं माणूस लुगडं सावरून बसेल एवढा वेळ.

त्यानंतरचे काही आठवडे वॉर्डात नुसती धमाल होती. पोरांनी तीनदा हा आकडा फार मनावर घेतला. पेशंटनं पहिल्यांदाच 'ये' म्हटलं तरी ती थांबेनात. 'येऊ का? येऊ का? येऊ का?' असं एका दमात म्हणून मगच आत जायची. आमच्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, हे तपासायला चाललेत का निकाह लावायला?" मी त्यांना म्हणाले की निकाहात तीनदा हो म्हणायला लावतात, इथं पहिल्या होला थांबलं तरी चालेल. पण पोरांच्या डोक्यात ते बसायला वेळ लागला.

दुसरी अडचण माझ्या ध्यानातच आली नव्हती. आपल्याकडं डॉक्टर नीट बोलला की पेशंट घाबरतो. सणसरचे एक तात्या होते, दम्याचे. एका पोरानं पडद्याबाहेरून अगदी लाघवी आवाजात विचारलं, "तात्या, मी आत येऊ का? तुमची परवानगी असेल तरच येतो." तात्यांनी आतून लेकाला हाक मारली. "अरं, डॉक्टर परवानगी मागतोय! काय वंगाळ निघालं का रं? आमाला सांगत न्हायसा तुमी!" लेक धावत आला, सूनबाईनं डोळ्याला पदर लावला, आणि ते पोरगं बाहेर घामाघूम. तात्यांना साधा दमाच आहे, हे पटवायला मला त्यांच्या पलंगाशी बराच वेळ बसावं लागलं. शेवटी ते म्हणाले, "मग सरळ वरडत या की, म्हंजे आमाला बरं वाटतं." मी पोरांना सांगितलं, आवाज लाघवी नको, रोजचा ठेवा.

हळूहळू जमायला लागलं होतं. आणि मग एका तासाला शेळगावच्या एका मुलानं तोंड उघडलं.

हा मुलगा शेवटच्या वर्षाचा. हुशार, कमी बोलणारा, हात अतिशय हलका. त्याचं घर बौद्ध, आई गावच्या अंगणवाडीत. घराण्यातला पहिलाच डॉक्टर होणार होता, आणि गावानं निकालाची वाट न बघता दोन वर्षं आधीच त्याला डॉक्टर म्हणायला सुरुवात केली होती. तो उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. आमच्या पणजोबांची अख्खी जिंदगी लोकांच्या दाराबाहेर उभं राहण्यात गेली. दाराच्या बाजूला उभं राहायचं, लांबून हाक मारायची, आतून काही म्हणतील तोवर थांबायचं. 'जा' म्हटलं की जायचं, आणि तोंड पाडायचं नाही. तुमचा नियम अगदी तसाच आहे. आता आमी डॉक्टर व्हायला लागलो, तर परत बाहेरच उभं राहायचं का?"

मला राग आला नाही, हे विशेष. तो बरोबर बोलतोय असं वाटत होतं आणि अम्मीही बरोबर आहे असं वाटत होतं. मी म्हणाले, "मला विचार करायला वेळ दे." तो म्हणाला, "चालेल मॅडम," आणि खाली बसला.

शनिवारी एसटीनं इंदापूर गाठलं आणि अम्मीला सगळं सांगितलं. अम्मी लसूण सोलत होती. ती आमच्या घरच्या बोलीत बोलली, मी मराठीत लिहिते.

"तू पेशंटला विचारून आत जातेस?"

"जाते."

"आणि तुझे ते मोठे साहेब?"

"ते कशाला विचारतील?"

अम्मीनं लसणाचं टरफल माझ्या अंगावर फुंकलं. "मग पोरगं चुकीचं काय बोललं? आपल्यात बादशहा आला तरी फकिराच्या दारात बाजूलाच उभा राहणार. नियम सगळ्यांना असला तर त्याला अदब म्हणायचं. काही जणांनाच असला तर तो अपमान. आधी साहेबाला उभं कर, मग पोराला शिकव."

साहेबाला उभं करणं सोपं नव्हतं. मी सोमवारी सरांच्या केबिनमध्ये गेले, विचारूनच गेले, आणि शेळगावच्या मुलाचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "इतकी वर्षं राउंड घेतोय मी." दुसऱ्या दिवशीच्या राउंडला पहिल्याच पलंगाशी ते पडद्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "येऊ का बाई?" सरांच्या पोटामुळं पडदा आधीच आत ढकलला गेला होता, त्यामुळं ते अर्धे आतच होते. पण विचारलं. त्या दिवसापासून सगळे विचारायला लागले.

मी शेळगावच्या मुलाकडं बघितलं. राउंड संपल्यावर तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आता ठीक आहे मॅडम. सगळे उभे राहणार असतील तर मी पण राहीन." आणि त्यानं शब्द पाळला. मला मात्र मनातून माहीत होतं की हे आमच्या वॉर्डापुरतं आहे. बाहेरच्या जगात मोठी माणसं थेट आत जातात.

ते बाहेरचं जग फायनलच्या प्रॅक्टिकलला आलं. बाहेरगावचे एक्स्टर्नल परीक्षक आले, नावाजलेले, बोटाला घड्याळ बांधल्यासारखे घाईत. आमच्या कॉलेजकडून परीक्षक म्हणून मी होते. केसेस त्यांनी वाटल्या. एकेका मुलाला एकेक पेशंट, तपासायला ठरलेला वेळ, मग ते स्वतः येऊन पलंगाशी प्रश्न विचारणार. शेळगावच्या मुलाला सणसरच्या एक आजी आल्या. हृदयाचा त्रास, पायाला सूज, तपासायला उत्तम केस. ऊसवाल्या मोठ्या घरातल्या, करारी बाई. सकाळी मीच त्यांना विचारलं होतं आणि त्या म्हणाल्या होत्या, "धाडा की, पोरांचं भलं हुईल."

बाकीची मुलं आत गेली. थोड्या वेळानं हा माझ्यासमोर उभा. चेहरा उतरलेला.

"मॅडम, तीनदा विचारलं. थांबून थांबून विचारलं. आजी 'नगं बाबा, आत्ता नगं' म्हणाल्या."

मी सिस्टरना शोधलं, त्या दुसऱ्या टोकाला. दुसरी केस द्यायची तर एक्स्टर्नल सरांच्या परवानगीशिवाय देता येत नव्हती. आम्ही दोघं त्यांच्याकडं गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यांना ते खरंच वाटेना.

"तू इतका वेळ पडद्याबाहेर उभा होतास?"

"हो सर."

"ही परीक्षा आहे, पाहुणचार नाही. कुणी शिकवलं तुला हे?"

त्यानं माझं नाव घेतलं नाही. मी म्हणाले, "मी शिकवलं."

"मग मार्कही तुम्हीच द्या. माझ्याकडून शून्य."

या केसला शून्य म्हणजे नापास. नापास म्हणजे पुन्हा सहा महिने, आणि शेळगावात डॉक्टर, डॉक्टर म्हणणाऱ्या प्रत्येक माणसाला तोंड देणं. ज्याच्या पणजोबांना आयुष्यभर बाहेर उभं केलं, त्याला मी समजावून बाहेर उभं केलं होतं, आणि त्याचीच शिक्षा त्याला मिळत होती. मी भांडायला तोंड उघडलं, पण सर माझ्याकडं पाठ करून आजींच्या पलंगाकडं निघाले होते. "चल, मी दाखवतो पेशंट कसा तपासतात." आम्ही मागं पळालो. सरांनी पडद्याला हात घातला.

आणि तो मुलगा मधे आला. "सर, नका. त्या नको म्हणाल्यात."

सर काही बोलणार, तेवढ्यात आतून आवाज आला. सणसरपर्यंत ऐकू गेला असेल. "पडद्याला हात लावशील तर बघ! भांड्यावर बसलीया म्या!"

अख्खा वॉर्ड हसला. परीक्षा देणारी मुलं हसली, पेशंट हसले, दम्याचे हसून खोकले. सरांनी हात असा काढून घेतला की पडदा तापलेला तवा असावा. सिस्टर धावत आल्या. आजींना सकाळी लघवीचं इंजेक्शन दिलं होतं आणि त्याचा गुण अगदी ऐन वेळेला आला होता. वॉर्डातल्या मावशी विचारून आत गेल्या आणि झाकलेलं भांडं घेऊन आमच्या समोरून निघाल्या. सरांनी टाय बाजूला धरून त्यांना वाट दिली.

आतून पुन्हा आवाज. आता मऊ. "त्यो मगाचा पोरगा कुठं गेला? त्याला धाडा." मुलगा पडद्याबाहेरून म्हणाला, "इथंच आहे आजी." "ये बाबा आत. तू इतकं चांगलं इचारत हुतास, अन् मला सांगायची लाज वाटली. तुझं काय नुकसान तर न्हाय ना झालं?"

त्यानं सरांकडं बघितलं. सरांनी घड्याळाकडं बघितलं. नंतर म्हणाले, "जा. पूर्ण वेळ घे." इतकंच म्हणाले, पण मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, परीक्षा चालू होती. मुलगा आत गेला, सोबत मावशी गेल्या.

वेळ संपल्यावर सर आणि मी पुन्हा त्या पडद्याशी आलो. सर पडद्यासमोर उभे राहिले. मी काही बोलले नाही, आणि माझ्यासाठी हे केवढं अवघड आहे ते माझ्या नवऱ्याला विचारा. सर स्वतःच एक पाऊल बाजूला सरकले. भिंतीला खांदा लागेल असे उभे राहिले, आणि घसा खाकरून म्हणाले, "आजी, येऊ का?"

उत्तर नाही. सर थांबले. खरंच थांबले. मग पुन्हा म्हणाले, "आजी, मी आत येऊ का?"

आत कुजबुज झाली. आजींची कुजबुज म्हणजे तीन पलंगांना ऐकू जाणारी.

"कोण हाय रं ह्यो?"

"मोठे सर आहेत आजी. माझी परीक्षा घ्यायला आलेत."

"मगाचाच व्हय?"

"हो."

"मग मला काय इचारतोय? त्येला येऊ द्यायचं का न्हाय, ते तू सांग."

बाहेर नावाजलेला माणूस भिंतीला लागून उभा, आत शेळगावचं पोरगं पलंगाशी, आणि मधे पांढरा पडदा. मी त्याच्या पणजोबांना कधी पाहिलेलं नाही. पण त्या क्षणी ते तिथं असते तर बरं झालं असतं, असं मला अगदी मनापासून वाटलं.

"या सर," आतून तो म्हणाला. "आत या."

सर आत गेले. मी जरा मागं राहिले, कारण मला रडू आलं होतं आणि परीक्षक रडताना बरे दिसत नाहीत.